आषाढातली मोटार, श्रावणातली तारीख

मोटार विकली की ती गेली, असं लोकांना वाटतं. पैसे घेतले, किल्ली दिली, कॉफी झाली, संपलं. तसं होत नाही. दारातून मोटार जाते तेव्हा निम्मीच जाते. उरलेली निम्मी आमच्या कचेरीतल्या जाडजूड रजिस्टरात जुन्या मालकाच्या नावाखाली बसून राहते, आणि तिला तिथून कुणीतरी येऊन उठवावं लागतं. बंगळूरच्या मोटार कचेरीत मी तेहतीस वर्षं हे उठवण्याचंच काम केलं. एक नाव लाल शाईनं खोडायचं, खाली दुसरं काळ्या शाईनं लिहायचं.

बाहेरच्या माणसाला हे काम कोरडं वाटेल. पण खोडलेल्या नावाचा माणूस बहुतेक वेळा समोरच उभा असतो. एका गृहस्थांनी आपली मोटारसायकल विकली आणि पुढं वर्षभर दर महिन्याला येऊन मला विचारत, "सर, ती अजून त्याच्याचकडे आहे ना? का विकली त्यानं?" मी रजिस्टर उघडून दाखवायचो. हायसं वाटून जायचे. नियमात हे बसत नव्हतं, पण नियमात न बसणारी सगळीच कामं वाईट नसतात. काही मात्र असतात. त्यातल्या एकाची ही गोष्ट आहे आणि ती माझी आहे.

आधी माझ्याविषयी दोन ओळी. आमचं घराणं बंगळुरात कधी आलं ते कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, जटका चालवायचे. जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा. घोडी पांढरी, नाव चांदी. अप्पांना अक्षरओळख नव्हती. मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं. जटक्याच्या अड्ड्यावर अप्पांचे सोबती मला 'बीये' म्हणूनच हाक मारायचे. "काय बीये, स्वल्प सरकून बस, घोडीला ओझं होतंय तुझ्या शिक्षणाचं."

बी. ए. होता आलं ते डॉक्टरअण्णांमुळे. आमच्या पेटेतले, म्हणजे पेठेतले, हे जुने मराठी डॉक्टर. मी मॅट्रिक झालो तेव्हा अप्पा मला दुसरा जटका घेऊन द्यायच्या विचारात होते. डॉक्टरअण्णा घरी आले, उभ्याउभ्याच कॉलेजचा फॉर्म भरला आणि अप्पांना म्हणाले, "जटका चार वर्षांनीसुद्धा मिळेल. हा मिळणार नाही." त्यांच्याकडे एक छोटी काळी विलायती मोटार होती. तिचा आवाज ऐकला की पेटेतल्या आजाऱ्याला निम्मं बरं वाटायचं.

मी कचेरीत लागून दोन वर्षं झाली असतील, साल साठच्या आसपासचं, तेव्हा डॉक्टरअण्णांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. त्यांनी मोटार विकायची ठरवली. गिऱ्हाईक मिळालं गोविंदप्पा, लाकडाच्या वखारीचा मालक. वखार अप्पांच्या जटक्याच्या अड्ड्यासमोरच. माणूस गोलमटोल, बोलायला गोड, आणि देवाला व बायकोला सारखाच भिणारा.

एका रविवारी सकाळी डॉक्टरअण्णांचा निरोप आला, "यशवंता, तू त्याच खात्यातला. येऊन जरा कागद लिहून दे." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आपल्याला शिकवलेल्या माणसाला आपली गरज लागते तेव्हा छाती किती पुढं येते ते काय सांगू!

ह्या कामात कागद तीन. नोंदणीचं पुस्तक, म्हणजे मोटारीची जन्मपत्रिका. नाव बदलण्याचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. आणि विक्रीची पावती: अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेला, अमक्यानं तमक्याला दिली. त्या तारखेपासून विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कचेरीला कळवायचं. सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं असतं. मी बॉनेट उघडलं, चासीवरच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उमटवून घेतला, आणि पावती लिहायला बसलो. तारखेपाशी आलो तेव्हा गोविंदप्पा खुर्चीतून निम्मा उठला.

"आजची नको, सर. आषाढ आहे."

आमच्याकडे आषाढात कुणी नवी वस्तू घरात घेत नाही. नव्या सुनासुद्धा महिनाभर माहेरी पाठवतात. गोविंदप्पाची बायको म्हणे आषाढातल्या मोटारीत पाय ठेवणार नव्हती.

"मग गाडी श्रावणातच न्या," डॉक्टरअण्णा म्हणाले.

"अय्यो, माल बघायला रोज गावाबाहेर जावं लागतं. गाडी आज नेतो. तारीख तेवढी श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारची घालू या. पूजा त्या दिवशी करू, म्हणजे गाडी त्या दिवशी घेतल्यासारखीच."

पैसे टेबलावर आले होते. किल्ली गोविंदप्पाच्या खिशात गेली होती. त्याचा भाचा, विशीतला, बाहेर मोटारीला फडकं मारत होता. वरमहालक्ष्मीचा शुक्रवार चार आठवड्यांवर होता. माझ्या डोक्यात चटकन आलं, पुढची तारीख घातली तर चौदा नि तीस दिवसांची मोजणीही पुढं जाईल, दोघांनाही सवड. आपण फार हुशार आहोत असं वाटण्याचे काही क्षण असतात. माणसानं तेव्हा पेन खाली ठेवावं.

मी तारीख लिहिली. डॉक्टरअण्णांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं.

"तारीख कुठली घातलीस?"

"स्वल्प पुढची, डॉक्टरअण्णा. शुभ दिवस आहे. चालतं."

"मला काही दिसत नाही रे. तू शिकलेला. तू घातलीस म्हणजे सरीच, बरोबरच असेल," असं म्हणून त्यांनी सही केली.

मोटार गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ते आवाजाच्या दिशेनं तोंड करून दारात उभे होते.

त्यानंतर दहाव्या दिवशी पोलिसातला एक दफेदार माझ्या टेबलाशी आला. अशी माणसं नेहमी यायची, अपघातातल्या गाडीचा नंबर घेऊन. होसूर रोडवर, आडुगोडीच्या पुढं, जिथून शेतं सुरू व्हायची, तिथं आदल्या संध्याकाळी एका सायकलवाल्याला मागून मोटारीनं उडवलं होतं. मोटार थांबली नव्हती. सायकलवाला सरकारी कारखान्यातला कामगार, कुळकर्णी नावाचा, पुण्याकडून नोकरीला आलेला. पाय मोडून इस्पितळात पडला होता. शेतातल्या एका बाईनं मोटार पाहिली होती, आणि तिच्या शाळकरी मुलीनं नंबर वाचला होता.

दफेदारानं नंबर सांगितला. मी रजिस्टराची पानं उलटली. त्या पानावर येण्याआधीच मला कळलं होतं. तरी बोट ओळीवर ठेवून मीच नाव वाचून दाखवलं.

"डॉक्टर?" दफेदार म्हणाला. "त्यांना दिसत नाही म्हणतात ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. म्हणूनच धडकवली." त्यानं वहीत लिहून घेतलं.

मला बोलता आलं असतं. मोटार दहा दिवसांपूर्वीच विकली, किल्ली माझ्यासमोर दिली, एवढी दोन वाक्यं. पण त्याच्यापुढचं वाक्य असं, की पावतीवर तारीख पुढच्या महिन्यातली आहे आणि ती मी घातलीय. मी, ह्याच कचेरीचा कारकून. मी रजिस्टर मिटलं. तेहतीस वर्षांत मी गिळलेलं सगळ्यात महाग वाक्य ते.

संध्याकाळी वखारीत गेलो. मोटार दिसत नव्हती. भाचाही नव्हता, गावी गेला म्हणाले. गोविंदप्पाला घाम फुटलेला, पण कागद हातात होता.

"माझा काय संबंध, सर? गाडी वरमहालक्ष्मीपर्यंत त्यांचीच. हे बघा. अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर माझंच होतं. सुरेख होतं.

तिथून डॉक्टरअण्णांकडे गेलो. ते नुकतेच पोलीस ठाण्यातून आले होते. चार तास बाकावर बसवलं होतं. उद्या पुन्हा बोलावलं होतं. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "यशवंता, ते सारखं विचारत होते, म्हातारेबुवा, दिसत नसताना गाडी का चालवली? चार तास ऐकल्यावर मलाच वाटायला लागलं, चालवली असेन बाबा. खरं सांग, मी गाडी दिली ना त्याला?"

"दिलीत, डॉक्टरअण्णा."

"मग कागदात काय आहे?"

मी काय आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवून जा." त्यापेक्षा त्यांनी मला दोन मुस्काटात दिल्या असत्या तर सोसलं असतं.

घरी अप्पा चांदीला खरारा करत होते. मी बाजूला दगडावर बसून सगळं सांगितलं. अप्पांचा हात थांबला नाही.

"घोडा विकताना आम्ही काय करतो, ठाऊक आहे तुला?"

"काय?"

"लगाम हातात देतो. पैसे आधी येऊ दे, मागून येऊ दे. लगाम सोडला त्या घटकेला घोडा त्याचा. मग पुढच्या वळणावर त्यानं कुणाला लाथ मारली तर ती लाथ त्याची. आमच्यात कुणी म्हणत नाही, लगाम आज धरतो पण घोडा श्रावणात माझा होईल."

"अप्पा, पण कागदावर..."

"कागद तू लिहिलास. लगाम कुणी घेतला ते सांग की."

"सांगितलं तर नोकरी जाईल."

आता हात थांबला. अप्पांनी माझ्याकडे, मग जटक्याकडे पाहिलं. "जटका आहे," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुढं म्हणाले, "तुला हाकता येईल का, ती मात्र शंकाच आहे."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच मी आमच्या साहेबांपुढं गेलो. साहेब कानडी, कडक, नाकावर चष्मा, शब्द मोजून बोलणारे. मी सगळं लिहूनच नेलं होतं. रविवार, किल्ली, आषाढ, आणि 'तारीख माझ्या हातची व खोटी' हे शब्द. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"एनप्पा यशवंतराव, दफेदार काल आला होता ना तुझ्याकडे?"

"हो, सर."

"काल का नाही सांगितलंस?"

"भ्यालो, सर."

"हं. आज भीती गेली?"

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या एकट्याच्या बोलण्यानं भागायचं नाही. डॉक्टर तुझ्या ओळखीचे, घरातल्यासारखे. गोविंदप्पा म्हणेल, हा त्यांना वाचवतोय. पोलिसांना मी निरोप देतो, डॉक्टरांना आज बोलवू नका म्हणून. उद्या अकराला दोघांना इथं बोलावतो. गाडी आषाढातच वखारीत होती, हे सांगणारं दुसरं कुणी आहे?"

मला कुणी सुचेना. घरी आल्यावर अप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, ते सांगितलं. त्यांनी 'हं' केलं आणि चांदीला पाणी दाखवायला गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत एका बाजूला डॉक्टरअण्णा, दुसऱ्या बाजूला गोविंदप्पा, कोपऱ्यात दफेदार. मी उभा. गोविंदप्पानं पावती टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढायला तयार होईना. एवढ्यात बाहेर आमच्या शिपायाचा आरडाओरडा ऐकू आला, "इथं जटक्यांची नोंदणी होत नाही! मागं घ्या! मागं घ्या!"

खिडकीतून पाहिलं. मोटारी तपासणीला उभ्या राहतात त्या आवारात पाच जटके ओळीनं उभे. पुढच्याची घोडी पांढरी.

"नोंदवायला नाही आलो, बाबा," अप्पांचा आवाज आला. "सांगायला आलोय."

माझ्या कचेरीत अप्पा त्याआधी कधीच आले नव्हते. मी कधी बोलावलंच नव्हतं, हेही इथं लिहून टाकतो. ते आत आले, पाठीशी कमरेला चाबूक खोचलेला, दंडावर जटक्याचा पितळी बिल्ला घासून लखलखीत केलेला. मागं चौघं. साहेबांनी बसायला सांगितलं. कुणी बसलं नाही.

"आमचा अड्डा वखारीसमोर आहे," अप्पा म्हणाले. "ही काळी मोटार गेल्या रविवारी नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी तिथं आली. तेव्हापासून रोज सकाळी निघते. चालवतो तो भाचा."

"दिवस कसे लक्षात राहिले?" साहेबांनी विचारलं.

त्याचं उत्तर मागच्या करीमभाईंनी दिलं. "साब, वो छोकरा रोज अड्डे के पास आको भोंपू बजाता. हमारे घोड्यां बिदकते. बीच के जुम्मे को मेरी सवारी गिर गई, बूढ्ढी अम्मा. मैं वखार में जाको झगडा करा. पूछो इनकू, झगडा करा के नहीं?"

साहेब गोविंदप्पाकडे वळले.

"पाच जटके आणि एक बी. ए.," साहेब म्हणाले. "गोविंदप्पा, सगळे खोटं बोलतायत म्हणता?"

गोविंदप्पानं डॉक्टरअण्णांकडे पाहिलं. त्याचे स्वतःचे बाळंतपणाचे सगळे प्रसंग ह्याच डॉक्टरांनी निभावले होते, म्हणजे त्याच्या बायकोचे. डॉक्टरअण्णा नुसतेच त्याच्या आवाजाची वाट बघत, मान किंचित कलती करून बसले होते. गोविंदप्पाचा हात पावतीवरून निघाला.

"लायसन नाही पोराला," तो म्हणाला. "तिन्हीसांजेला सायकल दिसली नाही म्हणतो. घाबरून पळाला. मीही घाबरलो, डॉक्टर. कागद हातात होता म्हणून... कागद नसता तर एवढं सुचलंही नसतं."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. त्यानं तसं म्हटलं नाही, पण होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. भाचा दोन दिवसांत गावाहून परत आला आणि त्याला स्वतः गोविंदप्पानंच ठाण्यात नेलं. कुळकर्ण्यांच्या औषधपाण्याची जबाबदारीही त्यानं घेतली. मी इस्पितळात भेटायला गेलो. मोडलेला पाय वर टांगलेला, तरी माझं बोलणं ऐकून कुळकर्णी हसले. "अहो, तुमचं मराठी किती गोड आहे! मधेच कानडी कुठून येतं?" मी म्हटलं, "तीनशे वर्षं राहिल्यावर तुमच्यातही येईल. आधी चालायला लागा." तीन महिन्यांनी लागले. स्वल्प लंगडत, पण लागले.

मला ताकीद मिळाली, माझ्या नोकरीच्या पुस्तकात नोंद झाली, वर्षभर बढतीचं नाव नको. ते योग्यच होतं. पण साहेबांनी शिक्षेचा कागद दिला त्याच दमात दुसरा कोरा कागद पुढं केला. "विक्रीच्या पावतीचा एक नमुना लिही. लोकांना कळेल असा, कानडीत. आणि तुझ्यासारख्या हुशार माणसाला चुकवता येणार नाही असा."

मी सबंध दुपार त्यावर घालवली. बाकी सगळं नेहमीचंच, पण तारखेच्या खाली एक वेगळी ओळ घातली: 'किल्ली प्रत्यक्ष हातात दिली, तो दिवस व वेळ.' कचेरीच्या सूचनाफलकावर तो नमुना लागला आणि मी निवृत्त होईपर्यंत, थोडाफार बदलत, तिथंच राहिला. आषाढात लोक येतच राहिले. मी सांगायचो, पूजा हव्या त्या दिवशी करा, ह्या ओळीत मात्र खरं लिहा. किती डॉक्टरअण्णा त्या ओळीनं वाचले असतील ते मला ठाऊक नाही. वाचलेली माणसं कचेरीत सांगायला येत नाहीत.

जुनी पावती साहेबांनी ठेवून घेतली होती. नवी लिहायला आम्ही पुन्हा डॉक्टरअण्णांच्या घरी जमलो. ह्या वेळी गोविंदप्पाची बायकोही आली. मला धाकधूक होती, आषाढाची तारीख बघून ही मोटार परत करायला लावते की काय. ती म्हणाली, "पूजा श्रावणात होणार ना? मग झालं. देव पूजा बघतो, कागद कुठं वाचत बसतो! कागद माणसांसाठी. त्यात खरंच लिहा." मग नवऱ्याकडे बघून, "हे मला आधी कुणी विचारलंच नाही." गोविंदप्पानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मी लिहिलं. रविवार, आषाढ, सकाळी साडेदहा. मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. डॉक्टरअण्णांनी हात पुढं केला. मी बोट जागेवर टेकवलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "साक्षीदार कोण?"

मी बाहेर गेलो. अप्पा जटक्यावरच बसून होते. आत यायला तयार नव्हते. "मला सही कुठं येते?"

"अंगठा चालतो, अप्पा. नियमात आहे."

मी त्यांना आत नेलं. शाईचा पॅड मीच आणला होता. त्यांचा अंगठा मी माझ्या हातात धरला. लगामानं पडलेला घट्टा इतका जाड, की रेषा नीट उमटायला दोनदा दाबावा लागला. माझ्या सुरेख अक्षराखाली तो जांभळा ठसा बसला.

बाहेर आल्यावर अप्पांनी अंगठ्याकडे पाहिलं, पुसायला काही सापडेना म्हणून चांदीच्या पांढऱ्या मानेवर पुसला आणि जटक्यावर चढले.

"चला," ते म्हणाले, "हिचीही नोंदणी झाली."

आणि लगाम माझ्या हातात दिला.